एकोणीसशे एकसष्ट एक: अवयव न सापडताही संख्या संयुक्त आहे हे कसं कळतं?

साखळीच्या एका बारावीतल्या विद्यार्थ्याने पाठवलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. गोवा मुक्तिदिनाच्या शालेय प्रदर्शनासाठी त्याच्या गटाने १ हा अंक १९६१ वेळा लिहून एक भलीमोठी संख्या तयार केली. पायथॉनमध्ये तिला २ पासून १०,००० पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागून पाहिलं. भाग पूर्ण गेला तो फक्त दोनदा, १०७ ने आणि ३९२३ ने. या दोन्हींनी भागल्यावर १९५५ अंकी संख्या उरली. ती मूळ आहे का असं विचारलं तर संगणकाने क्षणात ‘नाही’ म्हटलं. मग अवयव पाडायला सांगितलं, तर सकाळपर्यंत पडद्यावर काहीच आलं नाही. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत. अवयव ठाऊक नसताना संख्या संयुक्त आहे हे संगणकाला कसं कळलं? त्यावर विश्वास ठेवायचा का? आणि नेमके १०७ आणि ३९२३ हे दोघेच का सापडले?

संगणकाचं ‘नाही’ बरोबर आहे, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. तुझा गोंधळ कुठून आला तेही मला कळतंय, कारण शाळेत आपण तो मुलांच्या डोक्यात स्वतःच भरतो. ९१ संयुक्त का, तर ७ × १३ म्हणून. तिथे संयुक्त असल्याचं कळणं, एखादा अवयव हाती लागणं आणि सगळे मूळ अवयव पाडणं या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत होतात, त्यामुळे त्या एकच वाटतात. संख्या मोठी झाली की तिघींची फारकत होते. पहिली क्षणात होते. दुसरी संख्येच्या घडणीवर आणि थोडीशी नशिबावर अवलंबून असते. तिसरी पुष्कळदा आजच्या घडीला कुणालाच जमत नाही. मोठ्या संख्यांवर काम करायचं तर ही फारकत मनात पक्की बसायला हवी. बाकीचं सगळं त्यानंतर सोपं होतं.

लिहायला सोयीचं व्हावं म्हणून न वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येला ए(न) म्हणू. ए(३) म्हणजे १११. तुझी संख्या ए(१९६१). नऊने गुणली की तिथे १९६१ वेळा ९ होतात, म्हणून ९ × ए(१९६१) = १०^१९६१ − १. या एका ओळीवर पुढचं सगळं उभं आहे.

आता संगणक बाजूला ठेव आणि १९६१ कडेच बघ. १९६१ = ३७ × ५३. एवढ्यावरूनच तुझी संख्या संयुक्त ठरली! १९६१ एकांचे ३७-३७ चे गट पाड, बरोबर ५३ गट होतात आणि प्रत्येक गट म्हणजे ए(३७). म्हणून ए(३७) ने भाग पूर्ण जातो. भागाकारही तोंडी सांगता येतो: एक १, आणि त्यापुढे ‘३६ शून्यं आणि एक १’ हा तुकडा ५२ वेळा. ५३-५३ चे गट पाडलेस तर ३७ गट होतात, म्हणून ए(५३) नेही भाग जातो. प्रदर्शनात लांब पट्टी लावण्यापेक्षा चौकटीच्या कागदावर एका ओळीत ३७ एक अशा ५३ ओळी लिहा. एक सेंटिमीटरची चौकट धरली तर ३७ सेंमी × ५३ सेंमी एवढ्याच कागदात ही अजस्र संख्या मावते, आणि ती संयुक्त का आहे हे बघणाऱ्याला लांबूनच दिसतं.

३७ आणि ५३ या सहमूळ संख्या आहेत, त्यामुळे ए(३७) आणि ए(५३) यांच्यातही १ शिवाय सामाईक विभाजक नाही. (नियमच आहे: ए(म) आणि ए(न) यांचा मसावि म्हणजे ए(म आणि न यांचा मसावि). दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करत करत मसावि काढायची पद्धत एकांच्या रांगांवर चालवून बघ, आपोआप सिद्ध होतो.) म्हणजे दोघांचा गुणाकारही तुझ्या संख्येला भागतो. या दोन्ही संख्यांचे मूळ अवयव पूर्ण माहीत आहेत:

ए(३७) = २०२८११९ × २४७६२९०१३ × २२१२३९४२९६७७०२०३३६८०१३

ए(५३) = १०७ × १६५९४३१ × १३२५८१५२६७३३७७१११७३ × ४७१९८८५८७९९४९१४२५६६०२०००७१

तुझा १०७ इथे बसलाय, ए(५३) च्या पोटात. मात्र ३९२३ या दोन्ही याद्यांत नाही. तो उरलेल्या भागातून आला. त्या उरलेल्या भागाला, म्हणजे ए(१९६१) ला ए(३७) आणि ए(५३) या दोन्हींनी भागून जे राहतं त्याला, मी ‘गाभा’ म्हणतो. हा गाभा १८७२ अंकी आहे.

गाभ्याकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. भागाकार प्रत्यक्ष न करता त्याचे सुरुवातीचे अंक कळतात. तो ९ × १०^१८७१ च्या अगदी किंचित पुढे आहे. आधी ९, मग ३६ शून्यं, पुन्हा ९, मग १५ शून्यं, पुन्हा ९ अशी त्याची सुरुवात आहे. हे नऊ कुठून येतात ते पाहायचं असेल तर १ ला ९९९ ने भागून बघ, ०.००१००१… असं येतं. इथे ३७ नऊ आणि ५३ नऊ असे दोन भाजक एकत्र काम करतात, म्हणून पहिल्या ९ नंतर एक ९ सदतीस घरं पुढे दिसतो आणि दुसरा त्रेपन्न घरं पुढे. शेवटचे अंकही कागद-पेन्सिलीने निघतात. ए(१९६१), ए(३७), ए(५३) या तिन्हींच्या शेवटी ११ आहे. म्हणजे गाभ्याच्या शेवटच्या दोन अंकांना ११ ने दोनदा गुणल्यावर शेवटी ११ यायला हवेत. शंभरच्या आत असा एकच जोड आहे: ९१. (११ × ९१ = १००१, आणि १००१ × ११ = ११०११.) १८७२ अंकी संख्येचं तोंड आणि शेपूट दोन्ही हातात आले, आणि त्यासाठी तिचा एकही अवयव वापरावा लागला नाही. मोठ्या संख्येबद्दल काही कळण्यासाठी तिचे तुकडे करावेच लागतात असं नाही, ते असं.

आता ३९२३ का, हे बघू. तुझ्या तीन प्रश्नांतला मला सर्वांत आवडलेला हा.

समज, प ही मूळ संख्या ए(१९६१) ला भागते. मग १०^१९६१ ला प ने भागल्यावर बाकी १ राहते. १० चे घात एकेक करून प ने भागत गेलास, तर बाकी १ पहिल्यांदा कुठल्या तरी घाताला येईल. त्या सर्वांत लहान घातांकाला ‘कोटी’ म्हणू. पुढे बाकी १ येते ती फक्त कोटीच्या पटींना. म्हणून कोटी ही १९६१ ची विभाजक असायला हवी, म्हणजे १, ३७, ५३ किंवा १९६१. कोटी १ असेल तर प ने ९ ला भागायला हवं, म्हणजे प = ३. पण तुझ्या संख्येच्या अंकांची बेरीज १९६१, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ते बाद. दुसऱ्या बाजूने, फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की १०^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ राहते, म्हणजे कोटी ही प−१ चीही विभाजक आहे. प विषम असल्यामुळे प−१ सम. हे सगळं एकत्र केलं की प चे तीनच प्रकार उरतात: ७४क+१, १०६क+१ किंवा ३९२२क+१. पहिले ए(३७) मधले, दुसरे ए(५३) मधले आणि तिसरे गाभ्यातले.

तू दहा हजार संख्यांनी भागलंस. या नियमाने १०,००० पर्यंत फक्त २२७ उमेदवार उरतात. त्यातही ए(३७) चा सर्वांत लहान अवयव वीस लाखांच्या पुढे आहे आणि ए(५३) मध्ये दहा हजारांच्या आत १०७ एकटाच. गाभ्यासाठी दहा हजारांच्या आत दोनच उमेदवार आहेत, ३९२३ आणि ७८४५. दुसऱ्याला ५ ने भाग जातो, म्हणून तो मूळ नाही. राहिला ३९२३. तेव्हा तुला दोनच सापडले यात नवल नाही, तिसरा असायला जागाच नव्हती. पुढचे उमेदवारही किती विरळ आहेत बघ: ११७६७ ला ७ ने भाग जातो, १५६८९ ला २९ ने, १९६११ ला ३ ने, २३५३३ ला १०१ ने, २७४५५ ला ५ ने, ३१३७७ ला ३ ने, ३५२९९ ला ११ ने आणि ३९२२१ ला पुन्हा ७ ने. पहिल्या दहा उमेदवारांत मूळ संख्या ३९२३ ही एकटीच.

पण उमेदवार असणं वेगळं आणि खरोखर भाग जाणं वेगळं. ३९२३ ने भाग जातोच हे १९६१ अंक न लिहिता, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तपासता येतं. एकदा तरी स्वतःच्या हाताने कर, कारण संगणक क्षणात ‘नाही’ म्हणतो त्यामागची करामत हीच आहे. १० पासून सुरुवात करायची, प्रत्येक वेळी वर्ग करायचा आणि ३९२३ ने भागून फक्त बाकी ठेवायची. बाकी मोठी आली तर ३९२३ वजा करून ऋण लिहायची, म्हणजे पुढचा गुणाकार लहान राहतो.

१०^२ → १००
१०^४ → २१५४
१०^८ → २७३०, म्हणजे −११९३
१०^१६ → −८००
१०^३२ → ५५१
१०^६४ → १५३०
१०^१२८ → −११३१
१०^२५६ → २६३
१०^५१२ → −१४४५
१०^१०२४ → ९८९

आता १९६१ = १०२४ + ५१२ + २५६ + १२८ + ३२ + ८ + १. म्हणून या सात घातांच्या बाक्या एकमेकींशी गुणायच्या, आणि प्रत्येक गुणाकारानंतर पुन्हा बाकी घ्यायची. ९८९ × (−१४४५) ची बाकी −११३३. तिला २६३ ने गुणून १६९. मग −११३१ ने गुणून १०८८. मग ५५१ ने गुणून −७३१. मग −११९३ ने गुणून ११७७. शेवटी १० ने गुणून ११७७०, आणि ११७७० = ३ × ३९२३ + १. बाकी १! दहा वर्ग आणि सहा गुणाकार यांत १९६२ अंकी संख्येची बाकी निघाली.

याच बाक्यांतून १०^३७ ची बाकी १४६५ येते आणि १०^५३ ची ९७७. दोन्हींपैकी एकही १ नाही, म्हणून ३९२३ ची कोटी नेमकी १९६१ आहे. याचा एक सुंदर परिणाम होतो. १ भागिले ३९२३ हा आवर्ती दशांश बरोबर १९६१ अंकांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कॅल्क्युलेटरवर तुला ०.०००२५४९०६९ एवढंच दिसेल, पण पायथॉनमध्ये साधा लांब भागाकार लिहून तो पूर्ण छापता येईल. १ भागिले १०७ हा तसाच ५३ अंकांनी आवर्ततो. प्रदर्शनात लोकांना थांबवणारी गोष्ट ही आहे, असं माझं मत आहे.

आणखी एक निरीक्षण तुझ्या नजरेतून सुटलं असेल: १०७ = २ × ५३ + १ आणि ३९२३ = २ × १९६१ + १. हा योगायोग नाही. २न+१ ही मूळ संख्या असेल (२ आणि ५ सोडून), तर १०^न ची तिने भागल्यावर बाकी १ किंवा −१ एवढीच येऊ शकते. कुठली ते त्या मूळ संख्येला ४० ने भागून कळतं. ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ राहिली तर उत्तर +१, एरवी −१. ३९२३ ची बाकी ३, १०७ ची २७. दोघेही यादीत आहेत. ११ घेऊन बघ: ११ = २ × ५ + १, पण ४० च्या हिशोबात ११ यादीत नाही, आणि खरोखरच ए(५) = ४१ × २७१, तिथे ११ नाही. म्हणजे ३९२३ हा अवयव पायथॉन उघडण्याआधीच सांगता आला असता.

आता तुझा मुख्य प्रश्न. ए(१९६१) च्या बाबतीत आपल्याला ३७ × ५३ ची मदत होती. पण घटकराज्याचं साल घेतलं असतंस तर? १९८७ ही मूळ संख्या आहे. तिथे गट पाडता येत नाहीत, चौकटीचा कागद उपयोगी पडत नाही, आणि तरीही ए(१९८७) संयुक्त आहे हे आपण खात्रीने सांगू शकतो. ज्यांची ए(न) ही संख्या मूळ ठरली आहे असे न अगदी मोजके आहेत. त्यातले पहिले सहा: २, १९, २३, ३१७, १०३१, आणि त्यानंतर थेट ४९०८१, ज्याची पूर्ण सिद्धता २०२२ मध्ये झाली. मधल्या सगळ्या संख्या संयुक्त आहेत. हे कसं ठरवलं? भागून नव्हे. १९६१ अंकी संख्येला तिच्या वर्गमुळापर्यंत भागत बसायचं तर सुमारे १०^९८० भाजक तपासावे लागतील. सेकंदाला एक लाख कोटी भागाकार केले तरी विश्वाचं आजवरचं वय त्यापुढे काहीच नाही.

तपासणी होते ती फर्माच्या सिद्धांताला उलटं धरून. स ही संख्या मूळ असेल, तर तिच्या पटीत नसलेला कुठलाही आधार अ घेतला तरी अ^(स−१) ला स ने भागून बाकी १ आलीच पाहिजे. म्हणून एखाद्या आधाराला जरी बाकी १ आली नाही, तरी स मूळ असूच शकत नाही. इथे ‘बहुधा’ नाही, ‘शक्यता’ नाही. अवयव हातात नसला तरी हा पुरावा भूमितीतल्या सिद्धतेइतकाच पक्का आहे. काम किती? वर केलं तेच: वर्ग करायचा, बाकी घ्यायची. ए(१९६१) दोनच्या पायात लिहिली तर ६५१२ अंकी होते, म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपास वर्ग. लॅपटॉप ते हसत करतो. तुझ्या पायथॉनने याचीच अधिक कडक आवृत्ती चालवली.

उलट दिशेने मात्र सावध राहा. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३४१ = ११ × ३१, पण २ हा आधार घेतला तर २^३४० ची बाकी १ च येते. आणि एकांच्या संख्यांसाठी एक खास सापळा आहे, तो लक्षात ठेव: आधार १० कधीही घेऊ नकोस. ए(३७) बघ. १०^३७ ची ए(३७) ने भागल्यावर बाकी १ आहे. ए(३७) − १ म्हणजे १० × ए(३६), आणि ए(३६) ला १११ ने, म्हणून ३७ ने भाग जातो. म्हणजे चाचणीतला घातांक ३७ च्या पटीत आहे आणि बाकी १ येणारच, जरी ए(३७) चे तीन अवयव वर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. न मूळ असेल आणि ३ पेक्षा मोठा असेल, तर ए(न) आधार १० ला नेहमीच फसवते. एखादं मूल उत्साहाने ‘मला मोठी मूळ संख्या सापडली’ म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा हा सापळा असतो. तिथे त्याचा हिरमोड होऊ न देता कारण समजावणं हे शिक्षकाचं काम.

पुरावा आहे पण अवयव नाही, ही अवस्था गणितात नवी नाही. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये २^६७ − १ ही मूळ असल्याचं म्हटलं होतं. लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, एकही अवयव न देता. अवयव यायला १९०३ उजाडलं. अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ मिळवून दाखवला. सत्तावीस वर्षं जगाला ठाऊक होतं की संख्या फुटते, कुठे फुटते ते नव्हतं. फर्माच्या २^(२^न) + १ या संख्यांत ही वाट अजून लांब आहे. न = १४ ची संख्या ४९३३ अंकी. ती संयुक्त असल्याचं १९६० च्या दशकात कळलं, पहिला अवयव २०१० मध्ये मिळाला, तो ५४ अंकी निघाला. न = २० ची संख्या ३१५६५३ अंकी. ती १९८७ मध्ये संयुक्त ठरली आणि आजवर तिचा एकही अवयव कुणाला सापडलेला नाही. न = २४ ची संख्या १९९९ मध्ये संयुक्त ठरली, तिचीही तीच गत. तेव्हा तुझ्या लॅपटॉपने सकाळपर्यंत उत्तर दिलं नाही तर त्यात प्रोग्रॅमची चूक शोधू नकोस.

अडचण अशी आहे की चाचणीत आलेली बाकी फक्त ‘मूळ नाही’ एवढंच सांगते. अवयव कुठल्या दिशेला आहे याचा मागमूसही तीत नसतो. अवयव शोधायला वेगळी हत्यारं लागतात. कुठल्याही खास घडणीशिवायच्या, मुद्दाम कठीण बनवलेल्या संख्यांत आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली. ६१७ अंकी आरएसए-२०४८ अजून अभेद्य आहे. लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीत मेहनत मुख्यतः अवयवाच्या आकारावर ठरते, पूर्ण संख्येच्या नाही, म्हणून तुझ्यासारख्या कामाला तीच योग्य. तिने मिळालेला मोठ्यात मोठा अवयव २०१३ मधला, ८३ अंकी. आता आपला हिशोब मांड. ए(१९६१) चे आठ मूळ अवयव हातात आहेत: ए(३७) चे तीन, ए(५३) चे चार आणि ३९२३. गाभ्याला ३९२३ ने भागल्यावर १८६९ अंकी तुकडा उरतो. त्याच्या शेवटी १७ आहेत (३९२३ ला शेवटी १७ असलेल्या संख्येने गुणलं तर शेवटी ९१ येतात, पडताळून बघ), आणि त्याचा प्रत्येक मूळ अवयव ३९२२क+१ याच रूपाचा असणार. त्यातून लहान-मध्यम अवयव काढत गेल्यावर शेवटचा तुकडा नेमका मूळ निघाला तरच पूर्ण अवयव पडतील. एरवी आरएसए-२०४८ च्या तिप्पट अंकांच्या संख्येपुढे आज कुणाचंही काही चालत नाही.

संख्येचे बाकी गुणधर्म पटकन सांगतो. शेवटी ११ असल्यामुळे ४ ने भागून बाकी ३ राहते, म्हणून ती पूर्ण वर्ग नाही आणि दोन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येत नाही. ११ ने भागल्यास बाकी १, ७ ने भागल्यास २, १३ ने भागल्यास ९. हे शेवटचे दोन काढायला १९६१ ला ६ ने भाग, बाकी ५ येते, मग फक्त १११११ तपास.

एकांच्या संख्यांचा नाद आपल्याकडे जुना आहे. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी यांच्या वर्गांचा, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेचा, मन लावून अभ्यास केला आणि त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. हातात ना संगणक होता ना मोठ्या संस्थेचा आधार. तुझ्या गटाने प्रदर्शनात त्यांचं नाव जरूर लिहावं.

पुढचं काम सांगतो. उमेदवार तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिही: क वाढवत ३९२२क+१ घे, आधी लहान मूळ संख्यांनी भागून गाळ, उरलेल्यांवर १०^१९६१ ची बाकी काढ. पायथॉनच्या ‘पॉव’ला (घात काढणाऱ्या pow या फंक्शनला) आधार, घातांक आणि भाजक असे तीन आकडे दिले की वर्ग करून बाकी घेण्याची वरची शिडी तो स्वतःच चढतो, पूर्ण १९६१ अंकी संख्या कधी बनवावीच लागत नाही. दहा कोटींपर्यंत जायला साधा लॅपटॉप पुरतो. मग ए(१९८७) घे. तिथे उमेदवार ३९७४क+१ असतील. ती संयुक्त आहे हे माझ्या शब्दावर घेऊ नकोस. आधार ३ घेऊन ३^(स−१) ची बाकी काढ, आणि ती १ नसेल तर तेवढा एक आकडा कागदावर लिहून मला पाठव. १९८७ अंकी बाकी असेल, तेव्हा पहिले आणि शेवटचे दहा अंक पाठवलेस तरी चालेल. मी इथे फोंड्यात माझ्या यंत्रावर ताडून बघेन.